आराखड्याचे रूपक : रॉबर्ट प्लोमिन यांच्या ‘ब्लूप्रिंट’ ह्या ग्रंथाची चिकित्सा

१

मनुष्य घडतो तो जन्मजात द्रव्याने की भोवतालच्या परिस्थितीने, हा प्रश्न मानसशास्त्राच्या आरंभापासून त्याच्या सोबतीस आहे. सर फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ साली इंग्रज शास्त्रज्ञांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘निसर्ग’ आणि ‘संगोपन’ ही शब्दांची जोडी घातली. पुढच्याच वर्षी, ह्या दोहोंचे कार्य एकमेकांपासून वेगळे करून पाहण्याचे साधन म्हणून त्यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासाकडे बोट दाखविले. सुप्रजननशास्त्राला नाव दिले तेही त्यांनीच, १८८३ साली. त्या शास्त्राच्या नावाखाली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व जर्मनीत जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्यामुळेच ह्या विषयावरील कोणताही नवा ग्रंथ केवळ पुराव्याच्या कसोटीवर पाहून भागत नाही. त्यातून समाज कोणता अर्थ काढील, हेही पाहावे लागते.

प्लोमिन यांचा ‘ब्लूप्रिंट’ हा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकार मूळचे अमेरिकन असून १९९४ पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी संशोधन केले आहे. कोलोरॅडो येथील दत्तक मुलांच्या अभ्यासात आणि पुढे इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ ते १९९६ ह्या काळात जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक जुळ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात त्यांनी आपले आयुष्य वेचले. वर्तनाच्या आनुवंशिकतेवर अधिकारवाणीने बोलू शकणाऱ्या मोजक्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. अशा अभ्यासकाने आपल्या साऱ्या कार्याचे सार सामान्य वाचकांसाठी सांगावे, हे स्वागतार्हच होय. पण सार सांगताना त्यांनी जे रूपक निवडले, म्हणजे इमारत बांधण्यापूर्वी काढलेल्या आराखड्याचे रूपक, तेच ह्या ग्रंथाचे मर्मस्थान आहे आणि तेच त्याचे वैगुण्यही आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : ग्रंथातील पुरावा बहुतांशी भरवशाचा आहे, परंतु ज्या रूपकावरून ग्रंथाला नाव दिले आहे, त्या रूपकाला तो पुरावा आधार देत नाही. लोकांलोकांत आज आढळणाऱ्या तफावतीचा हिशेब हा एक प्रश्न. एक माणूस कसा घडतो हा अगदी निराळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी बसविल्याने ग्रंथाच्या उत्तरार्धातील निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे गेले आहेत. आणि ह्या निष्कर्षांचा संबंध शिक्षणाशी असल्यामुळे ही केवळ शब्दांची चिकित्सा राहत नाही.

२

प्रथम ग्रंथकारांच्या म्हणण्याचा सरळ अनुवाद करणे न्याय्य ठरेल. एकबीज जुळ्यांत जनुके जवळजवळ पूर्णतः समान असतात. द्विबीज जुळ्यांत, इतर सख्ख्या भावंडांप्रमाणेच, बदलत्या जनुकांपैकी सरासरीने निम्मी समान असतात. पहिल्या प्रकारच्या जोडीतील साम्य दुसऱ्या प्रकारच्या जोडीतील साम्याहून जितके अधिक, तितका त्या गुणातील तफावतीत जनुकांचा वाटा मोठा, असे हे गणित आहे. दत्तक मुलांच्या अभ्यासातून त्याचा स्वतंत्र ताळा घेता येतो. ह्या दोन्ही मार्गांनी पाहता बुद्ध्यंक, स्वभाव, मानसिक विकार इत्यादी गुणांतील तफावतीचा सरासरीने सुमारे अर्धा भाग जनुकांतील तफावतीशी निगडित आहे, असे ग्रंथकार सांगतात. हा निष्कर्ष आता एखाद्या पंथाचा आग्रह राहिलेला नसून असंख्य अभ्यासांतून पुनःपुन्हा आलेला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा अधिक मार्मिक आहे. ज्याला आपण परिस्थिती म्हणतो, तीतही जनुकांचा हात असतो. पुस्तकांत रमणाऱ्या मुलाला घरची माणसे पुस्तके आणून देतात. चिडक्या मुलाच्या वाट्याला अधिक रागावणे येते. म्हणजे आईबापांच्या वागणुकीचे आणि मुलाच्या गुणांचे नाते दिसले की आईबाप हे कारण व मूल हे कार्य, असे झटकन म्हणता येत नाही. ही सूचना बालसंगोपनावरील कितीतरी ढिलाईच्या संशोधनाला चांगलाच धडा देणारी आहे. तिसरा मुद्दा असा की, एका घरात वाढलेली भावंडे एकमेकांसारखी होतात ती मुख्यतः समान जनुकांमुळे. समान घरामुळे येणारे साम्य, विशेषतः प्रौढ वयात, फारच थोडे आढळते. परिस्थितीचा जो परिणाम उरतो तो एकेकट्या व्यक्तीवर होणारा, विस्कळीत आणि बव्हंशी यदृच्छेचा असतो, असे ग्रंथकारांचे मत आहे.

एका बाबतीत ग्रंथकारांचा प्रामाणिकपणा विशेष नोंदवण्याजोगा आहे. एखाददुसऱ्या जनुकावरून नैराश्य, आक्रमकता वा बुद्धी उलगडेल, ह्या आशेने एका पिढीच्या संशोधकांनी जे परिश्रम केले ते बहुतेक वाया गेले, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर २०१९ साली बॉर्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नैराश्याशी संबंधित म्हणून गाजलेली अठरा जनुके लक्षावधी लोकांच्या नमुन्यांत तपासली, तेव्हा त्यांपैकी कोणाचीही बाजू उचलून धरण्याजोगा पुरावा मिळाला नाही. गुंतागुंतीच्या वर्तनामागे हजारो जनुकस्थाने असून प्रत्येकाचा वाटा नगण्य असतो, हे आता स्थिर झाले आहे. ह्या हजारो सूक्ष्म वाट्यांची बेरीज म्हणजे ‘बहुजनुकीय गुणांक’. ह्या गुणांकाच्या बळावर डीएनए हा भविष्य सांगणारा आहे, असे ग्रंथकार म्हणतात. आणि पालक व शाळा यांना महत्त्व असले तरी त्यांच्यामुळे फरक पडत नाही, अशा आशयाचा सिद्धान्त ते मांडतात. इथवर पुराव्याच्या मार्गाने चाललेला ग्रंथ येथे रूपकाच्या मार्गाला लागतो.

३

‘फरक पडणे’ ह्या शब्दप्रयोगात दोन अर्थ लपलेले आहेत. एक अर्थ तफावतीचा : ह्या मुलात आणि त्या मुलात जे अंतर दिसते ते कशामुळे? दुसरा अर्थ परिणामाचा : अमुक गोष्ट केली नसती तर हे मूल निराळे झाले असते काय? आनुवंशिकतेचे मान केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. ते एखाद्या व्यक्तीचे नसते, समूहाचे असते; आणि समूहाचेही ते विशिष्ट काळी, विशिष्ट परिस्थितीत काढलेले असते. एखाद्याच्या बुद्धीचा पन्नास टक्के भाग जनुकांनी दिला व पन्नास टक्के घराने, हे विधान चूकसुद्धा म्हणता येत नाही, कारण त्याला अर्थच नाही. दह्यात दुधाचा वाटा किती आणि विरजणाचा किती, हे विचारण्यासारखेच ते आहे.

आर्थर जेन्सन यांच्या १९६९ च्या वादग्रस्त लेखाला उत्तर देताना जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली जो दृष्टान्त दिला तो आपल्याकडच्या शेताच्या भाषेत सांगता येईल. मिश्र बियाण्याच्या पोत्यातून दोन मुठी बी घेतले. एक मूठ काळ्या कसदार वावरात पेरली, दुसरी मुरमाड वावरात. प्रत्येक वावराची जमीन आपापल्यापुरती एकसारखी आहे असे धरले, तर त्या वावरातील ताटांच्या उंचीतली सारी तफावत बियाण्याची ठरेल; आनुवंशिकतेचे मान शंभर टक्के येईल. तरीही दोन वावरांतील सरासरी उंचीचे जे अंतर आहे, ते संपूर्णपणे जमिनीचे आहे. मान उच्च आहे म्हणून जमीन बदलून काही होणार नाही, असे अनुमान काढणारा शेतकरी पिकाला मुकेल.

ह्या दृष्टान्तात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जे कारण सर्वांवर सारखेच येऊन पडते, ते तफावतीच्या हिशेबात दिसतच नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्यापूर्वीच्या पुण्यातील मुलींच्या विद्येचे असे मापन करण्याची कल्पना करावी. जवळजवळ सर्वच मुली शाळेबाहेर असताना, एक मुलगी दुसरीहून अधिक का शिकली ह्याच्या हिशेबात शाळाबंदीचे नावही आले नसते. आणि तरीही त्यांच्या विद्येच्या दारिद्र्याचे खरे कारण तेच होते.

ग्रंथकारांना हे ठाऊक नाही असे नाही. आनुवंशिकतेचे मान जे आहे त्याचे वर्णन करते, जे होऊ शकेल त्याचे भाकीत करीत नाही, ही मर्यादा त्यांनी स्वतःच सांगितली आहे. तक्रार आहे ती अशी की, एका प्रकरणात सांगितलेली मर्यादा पुढील प्रकरणांत पाळली गेलेली नाही. इंग्लंडच्या शाळाशाळांत आज जे अंतर आहे त्याने मुलांच्या निकालांतील तफावत फारशी उलगडत नाही, हे म्हणणे एक. शाळेने फरक पडत नाही, हे म्हणणे वेगळे. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून अधिक व्यक्तींवरील अभ्यासांचा एकत्रित विचार करून दाखविले की, शालेय शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यंक सुमारे एक ते पाच अंकांनी वाढतो. शाळा सर्वांना घडविते. सर्वांना घडविते म्हणूनच तफावतीच्या हिशेबातून ती निसटते.

४

आनुवंशिकतेचे मान परिस्थितीबरोबर कसे बदलते, ह्याची उदाहरणे ग्रंथात असायला हवी त्याहून फार कमी आहेत. कूपर आणि झुबेक यांनी १९५८ साली केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. चक्रव्यूहातून वाट काढण्यात हुशार आणि मंद अशा उंदरांच्या दोन वेगळ्या पैदाशी त्यांनी घेतल्या. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढविलेल्या हुशार उंदरांच्या सरासरी चुका ११७ आणि मंद उंदरांच्या १६४ होत्या. खेळणी, बोगदे व रंगीत आकृत्या असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात वाढविल्यावर हेच आकडे अनुक्रमे १११ व १२० झाले. आणि उघड्याबोडक्या पिंजऱ्यात दोन्ही वंशांचे उंदीर सुमारे १७० चुकांवर येऊन बसले. येथे वंशाचा परिणाम किती, ह्या प्रश्नाला पिंजरा सांगितल्यावाचून उत्तर नाही.

माणसांच्या बाबतीत असे प्रयोग करता येत नाहीत, पण इतिहास ते क्वचित करून ठेवतो. १९८९ च्या डिसेंबरात रुमानियातील चाउशेस्कू यांची राजवट कोसळली आणि तेथील अनाथालयांतील मुले इंग्लंडमध्ये दत्तक आली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुले पुढे इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ अनाथालयात काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांत अवधानाच्या आणि सामाजिक वर्तनाच्या अडचणी प्रौढ वयापर्यंत टिकल्या. मात्र ह्या दुसऱ्या गटातीलही सुमारे एक-पंचमांश व्यक्ती कोणत्याही अडचणीवाचून वाढल्या, असे २०१७ सालच्या अहवालात नमूद आहे. ह्या एकाच अभ्यासात दोन्ही बाजू एकत्र पाहावयास मिळतात : परिस्थितीचा आघात खरा, आणि तो सोसण्यातील व्यक्तिव्यक्तींची तफावतही खरी. ती तफावत बीजाची की इतर कशाची, हे ह्या आकड्यावरून सांगता येत नाही. पण विचारावयाचा प्रश्न कोणता ते त्यावरून कळते. प्लोमिन यांच्या इंग्लंडमधील जुळ्यांत अशी अनाथालये नाहीत. म्हणून त्यांच्या हिशेबात अशा परिस्थितीचा परिणाम आढळण्याचा संभवच नव्हता.

एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सात वर्षांच्या अमेरिकन जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सधन घरांत बुद्ध्यंकाच्या तफावतीत जनुकांचा वाटा मोठा, तर अतिशय गरीब घरांत तो जवळजवळ शून्य आढळला. पुढे २०१६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा हे अंतर अमेरिकेत दिसले, पण पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलियात दिसले नाही. शिक्षण आणि आरोग्यसेवा ह्या देशांत अधिक समान असणे हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचविले आहे. नॉर्वेतील जुळ्यांवरील १९८५ च्या एका अभ्यासातही, १९४० नंतर जन्मलेल्या पुरुषांच्या शिक्षणात आनुवंशिकतेचे मान आधीच्या पिढीहून वाढलेले आढळले. मधल्या काळात शिक्षणाची दारे अधिक जणांस खुली झाली होती. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. संधी जितकी समान, तितके आनुवंशिकतेचे मान वाढते. म्हणजे हे मान उच्च येणे हा शिक्षण निष्फळ असल्याचा पुरावा नसून, कित्येकदा शिक्षण सर्वांपर्यंत पोचल्याचा पुरावा असू शकतो. ग्रंथकारांनी हा विचार स्पर्शिला आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या शाळाविषयक निष्कर्षाच्या विरुद्ध जातो, हे त्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

५

आता रूपकाकडे वळू. इमारतीच्या नकाशात आणि इमारतीत भागास भाग जुळतो. नकाशातील खोली पाहून बांधलेली खोली ओळखता येते, आणि इमारतीवरून नकाशा पुन्हा काढता येतो. जनुकांचे तसे नाही. रिचर्ड डॉकिन्स यांना परिस्थितीचे पक्षपाती कोणी म्हणणार नाही. पण त्यांनीही १९८६ सालच्या आपल्या ग्रंथात नकाशाचे रूपक नाकारून पाककृतीचे रूपक स्वीकारले. पाककृतीतील एकेक शब्द पदार्थाच्या एकेका घासाशी जुळत नाही. आणि तीच कृती वेगळ्या आचेवर वेगळा पदार्थ देते.

फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार ह्याचे उत्तम उदाहरण होय. नॉर्वेचे वैद्य आस्ब्यर्न फॉलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. एकाच जनुकातील दोषामुळे अन्नातील फिनाइलअ‍ॅलनीन हे द्रव्य पचविणारे विकर नीट काम करीत नाही, ते द्रव्य रक्तात साचते आणि मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. आराखड्याच्या भाषेत बोलायचे तर हा आराखड्यातलाच दोष, अटळ. पण १९५३ साली होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये ते द्रव्य अत्यल्प असलेला आहार देऊन पाहिला, आणि मुलीच्या स्थितीत सुधारणा झाली. साठीच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या रक्तचाचणीमुळे अर्भकावस्थेतच विकार ओळखता येऊ लागला. आज जन्मतःच आहार सांभाळलेली मुले सामान्य बुद्धीची होतात. हा विकार जनुकाचा की आहाराचा? दोष जनुकात आहे म्हणून तो शंभर टक्के जनुकाचा. आहाराने टळतो म्हणून शंभर टक्के आहाराचा. टक्केवारी येथे निरुपयोगी ठरते. उपयोगी ठरले ते विकराचे ज्ञान, म्हणजे ‘कसे’ ह्या प्रश्नाचे उत्तर. ज्यांनी ‘किती’ विचारले त्यांना आकडा मिळाला. ज्यांनी ‘कसे’ विचारले त्यांनी मुले वाचविली.

एकाच जनुकाचे उदाहरण हजारो जनुकांच्या वर्तनाला लागू करता येत नाही, असा आक्षेप येईल व तो काही अंशी रास्त आहे. परंतु त्यातून उलट असेच निष्पन्न होते की, जेथे कारणांचा मार्ग इतका सरळ आहे तेथेही परिणाम अटळ नसेल, तर जेथे हजारो जनुके मेंदू, शरीर, घर, शाळा अशा वळणावळणांनी काम करतात तेथे तो अटळ कसा मानावा? आपल्या म्हणींनीही ह्या दोन्ही बाजू केव्हाच्याच टिपून ठेवल्या आहेत. ‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असेही म्हणतो. वाण आणि गुण ह्यांत दुसऱ्या म्हणीने केलेला भेद शास्त्रीय परिभाषेतील जनुकरूप व दृश्यरूप ह्या भेदाच्या बराच जवळ जातो.

६

शेवटी बहुजनुकीय गुणांकाचा विचार करणे प्राप्त आहे, कारण ग्रंथकारांची सारी भविष्यवाणी त्यावर उभी आहे. २०१८ साली अकरा लाख लोकांच्या नमुन्यावरून काढलेल्या अशा गुणांकाने शिक्षणाच्या वर्षांतील तफावतीचा ११ ते १३ टक्के भाग उलगडला. समूहाच्या अभ्यासासाठी हे यश मोठे आहे. पण उरलेला जवळजवळ नऊ-दशांश भाग तसाच राहतो, म्हणून एका मुलाविषयी भाकीत करण्यास हा गुणांक अपुरा आहे. शिवाय ह्या भागातही निव्वळ मुलाची जनुके किती? आइसलंडमध्ये कॉंग आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एक सुंदर युक्ती योजिली. आईबापांची जी जनुके मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचा मुलाच्या शिक्षणाशी संबंध आहे काय, हे त्यांनी पाहिले. संबंध आढळला, मुलाकडे आलेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के. जी जनुके मुलात नाहीत ती मुलाला घडवितात ती घराच्या वाटेनेच. पुढे सख्ख्या भावंडांची आपसात तुलना करणारे अभ्यास झाले, तेव्हा शिक्षणाच्या बाबतीत जनुकांचा अंदाजित परिणाम जवळजवळ निम्म्याने घटला. ग्रंथकारांनी परिस्थितीत जनुके दडलेली असतात असे दाखविले. ह्या अभ्यासांनी जनुकांच्या गुणांकात परिस्थिती दडलेली असते असे दाखविले. ह्यापैकी पहिले सत्य ग्रंथात ठळक आहे; दुसरे जवळजवळ नाही.

ही गोष्ट आपल्या देशात विशेष महत्त्वाची आहे. लॅन्डर आणि शॉर्क यांनी १९९४ साली एक काल्पनिक उदाहरण दिले होते : सॅन फ्रान्सिस्कोतील लोकांत काड्यांनी जेवण्याच्या कौशल्याची जनुके शोधली तर ती सापडतील, पण ती बोटांच्या कौशल्याची नसून, चिनी वंशाच्या लोकांत जास्त आढळणारी कोणतीतरी खूण असेल. आपल्याकडे जातिजातींतील विवाहबंदी शतकानुशतके चालत आली आहे. २०१३ सालच्या एका जनुकीय अभ्यासानुसार, सुमारे १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी येथील लोकसमूहांत मोठे मिश्रण झाले आणि नंतर ते अंतर्विवाहाने थांबले. त्यामुळे जातींगणिक जनुकांच्या खुणा थोड्याफार भिन्न आहेत; आणि शिक्षणाची दारेही जातींगणिकच उघडी वा बंद होती. अशा समाजात बेसावधपणे काढलेला शिक्षणाचा बहुजनुकीय गुणांक बुद्धीच्या ऐवजी इतिहास मोजील. अन्यायाची नोंद जनुकांच्या लिपीत उतरेल आणि ती निसर्गाची आज्ञा म्हणून वाचली जाईल. संख्याशास्त्रीय दुरुस्त्या उपलब्ध आहेत; पण हजारो लहान अंतर्विवाही गटांच्या समाजात त्या किती पुरतील ह्याविषयी सावध राहणेच इष्ट. एकाच घरातील भावंडांची तुलना हाच त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग, कारण भावंडांची जात एकच असते.

जातीचे समर्थन जीवशास्त्राच्या आधारे करण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, लाहोर येथे होऊ न शकलेल्या आपल्या भाषणात ह्याच समर्थनाची चिकित्सा केली होती. जातीचा हेतू वंशशुद्धीचा असेल तर सहभोजनावर बंदी कशासाठी, हा त्यांचा प्रश्न आजही बिनतोड आहे. जन्मपत्रिकेवर विश्वास ठेवणाऱ्या समाजात डीएनएला भविष्यवेत्ता म्हणणे हे लंडनमध्ये म्हणण्याइतके निरुपद्रवी नाही. आणि त्या भविष्याचा शास्त्रीय पायाही येथे अधिक कच्चा आहे; २०१९ साली केलेल्या एका आढाव्यानुसार अशा संशोधनांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यावरून काढलेले गुणांक इतर लोकांत बरेच कमी अचूक ठरतात.

उलट, आपल्याकडे परिस्थितीचा जो पट्टा आहे तो इंग्लंडमधील नमुन्यात नाहीच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो भरले. पण वजनाच्या मानाने पुण्याच्या अर्भकांच्या अंगी चरबी मात्र टिकून होती. २००८ साली पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलांचे अवधान आणि अल्पकालीन स्मृती, ते भरपूर असलेल्या मातांच्या मुलांहून उणी आढळली. असे निरीक्षण म्हणजे कारणाची सिद्धी नव्हे, आणि अभ्यासकांनीही तो दावा केलेला नाही. परंतु मातेच्या ताटातील एका जीवनसत्त्वाचा प्रश्न जेथे संशोधनाचा विषय होऊ शकतो, तेथे परिस्थितीचे परिणाम विस्कळीत व यदृच्छेचे असतात, हे विधान जसेच्या तसे आयात करता येत नाही.

७

तात्पर्य, ‘ब्लूप्रिंट’ हा ग्रंथ वाचावा, आणि विद्यार्थ्यांनी तर अवश्य वाचावा. पालकांच्या माथी मुलाचे सर्व दोष मारणाऱ्या जुन्या मानसशास्त्राला त्यात दिलेले उत्तर मोलाचे आहे. आत्ममग्नतेसारख्या विकाराचा दोष आईच्या थंडपणाला देणारे सिद्धान्त ज्या पिढीने भोगले, तिला ह्या उत्तराची किंमत कळेल. ग्रंथकारांची लेखनशैली स्वच्छ आहे आणि आपली बाजू ते लपवीत नाहीत. ते स्वतःच्या बहुजनुकीय गुणांकांविषयीही लिहितात : वजन वाढण्याकडे आपला कल आहे हे त्यांना त्यातून कळले आणि ते आवरण्याच्या प्रयत्नास बळ मिळाले. ज्या आराखड्याचे ज्ञान होताच घरमालक बांधकाम बदलू लागतो, तो आराखडा नव्हे, हे त्यांच्याच अनुभवावरून सिद्ध होते.

ग्रंथाचे न्यून आहे ते आकड्यांत नव्हे, आकड्यांना बोलावयास लावलेल्या भाषेत. तफावतीच्या शास्त्राने घडणीच्या शास्त्राची जागा घेतली, आणि एका सधन देशातील एका पिढीचे वर्णन मनुष्यमात्राचा नियम म्हणून पुढे आले. आपल्या विद्यापीठांतून ह्या विषयावर जे संशोधन होईल त्याने तीन पथ्ये पाळावीत : आनुवंशिकतेचे मान सांगताना ते कोणत्या समूहाचे, कोणत्या काळचे व कोणत्या परिस्थितीतले ते प्रत्येक वेळी सांगावे, जनुकांचा परिणाम शक्य तेथे भावंडांच्या तुलनेने तपासावा, आणि परिस्थिती मोजताना ती ‘उरलेला भाग’ म्हणून न मोजता, आहार, शाळा, भाषा, आजार अशा नावांनिशी प्रत्यक्ष मोजावी. एवढे केले तर ‘किती’ हा प्रश्न आपोआप मागे पडेल आणि ‘कसे’ हा प्रश्न पुढे येईल. मुलाच्या हिताच्या दृष्टीने पाहता, ज्याच्या उत्तरातून काही करता येते तो प्रश्न दुसराच आहे.